नऊ मुलांची चौथी

आकड्याच्या जागी चांदणी होती. कॉरिन मॅटसननं आधी पडद्यावर नख घासून पाहिलं, पावाचा कण वगैरे असेल म्हणून. कण नव्हता. हार्विक काउंटीतल्या दोन प्राथमिक शाळा तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर, लॅपटॉपमध्ये, शेजारी शेजारी लावल्या होत्या. बाजारात दोन कलिंगडं आळीपाळीनं टिचकी मारून बघावीत तशी ती तासभर त्यांना वाजवत बसली होती. डावीकडे गावातली सेंट्रल शाळा. चौथी, वाचन, राज्याच्या परीक्षेत शंभरातली बासष्ट मुलं पास. बासष्ट म्हणजे काही आकाशाला हात लागले नव्हते, पण बासष्ट म्हणजे बासष्ट, तोंडावर सांगून मोकळा होणारा आकडा. उजवीकडे तळ्याकाठच्या टॅमरॅक गावची शाळा. चौथी, वाचन, आणि चांदणी. मागच्या वर्षीही चांदणी. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात खुलासा होता: वर्गात दहापेक्षा कमी मुलं असतील तर निकाल छापला जात नाही, नाहीतर कोण नापास झालं ते गावाला बोटांवर मोजता येईल. खुलासा तिनं दोनदा वाचला. दोन्ही वेळा तो तिला पटला, आणि दोन्ही वेळा मनात एक बारीक कुसळ राहून गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणणारे बहुधा मूठ झाकणारेच असतात.

अकरा वर्षं लोकांचे दात साफ करून तिच्या स्वभावाला हे वळण लागलं होतं. खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस सांगायचा, दातांत दोरा रोज फिरवतो हो, रात्री न चुकता. ती मान डोलवायची, दात चाचपायची टोकदार आकडी घेऊन हिरडीला नुसती टेकवायची, आणि हिरडी भळभळून खरं सांगून टाकायची. शिक्षक, पाद्री, शेरीफचा माणूस, सगळे हिरडीपुढे सारखे. ती आधी राहायची त्या ग्रँड रॅपिड्स शहरात माणसं निदान खोटं बोलून निघून जायची, परत भेटायची नाहीत. इथे तीच माणसं संध्याकाळी दुकानात अंड्यांच्या फळीपाशी भेटत, हसत, आणि कॉरिनला त्यांच्या हसण्याआधी त्यांच्या हिरड्या आठवत. मुलीच्या, विलाच्या, बापापासून वेगळं झाल्यावर तिनं नकाशात सगळ्यात उत्तरेला असलेली नोकरी धरली होती. तळ्यापलीकडे दुसरा देश, इतक्या उत्तरेला. कुणापासून पळतेस, असं बहिणीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, हवा चांगली आहे. खरं कारण टेबलाखाली बसून चित्रांचे पत्ते लावत होतं. नऊ वर्षांचं होतं आणि त्याला वाचता येत नव्हतं.

विलाला वाचता येत नाही हे जगात दोघींनाच ठाऊक होतं, असं कॉरिनला वाटे. विला हुशार होती. इतकी हुशार की चित्र बघून, पहिलं अक्षर बघून, समोरच्याचा चेहरा बघून ती वाक्य ओळखायची आणि तुमच्याआधी म्हणून दाखवायची. तिसरीपर्यंत तिनं असं सगळ्यांना गुंडाळलं. मग मे महिन्यात ग्रँड रॅपिड्सच्या शाळेतल्या बाईंनी कॉरिनला बोलावून हळू आवाजात 'तपासणी' हा शब्द उच्चारला. कॉरिन हसली, आभार मानले, आणि जूनमध्ये घर सोडलं. शाळेतून घरी येणारी वाचनाची वही होती ना, रोज वीस मिनिटं वाचलं असं पालकानं लिहून सही करायची, ती कॉरिन रविवारी सकाळी एकदम भरायची. सोमवार वीस, मंगळवार वीस, बुधवार पंचवीस. संशय नको म्हणून निळं पेन, काळं पेन, मध्येच पेन्सिल. खरोखर वीस मिनिटं विलाला घेऊन बसायचं म्हणजे त्या गप्प, घामेजलेल्या, ओठ चावणाऱ्या चेहऱ्यासमोर बसायचं. तो चेहरा कॉरिनला बघवत नव्हता, कारण तो तिच्या ओळखीचा होता. ती स्वतः दुसरीत असताना वर्गात वाचनाचे तीन गट होते. कार्डिनल, रॉबिन आणि चिमण्या. कोण हुशार, कोण ढ हे मुलांना कळू नये म्हणून पाखरांची नावं. मुलांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. चिमण्यांचं टेबल खोली तापवणाऱ्या रेडिएटरजवळ असायचं, वर ओले हातमोजे वाळत टाकलेले, आणि अजूनही कुठे ओल्या लोकरीचा वास आला की कॉरिनच्या जिभेवरचे शब्द वाळून जात. नंतर ती वाचायला शिकली. कशी ते तिलाही आठवत नाही. पण कार्डिनलच्या टेबलावरून एका मुलीनं मागे वळून तिच्याकडे कीव करून पाहिलं होतं, ते मात्र आठवतं. विलाला चिमणी होऊ द्यायचं नाही. एवढंच तिला या दोन शाळांकडून हवं होतं. पण असा रकाना सरकारी पानावर नव्हता.

दोन शाळांत निवड करायची मुभा तिला टपालपेटीनं दिली होती. हद्दीच्या रस्त्याच्या अलीकडची मुलं सेंट्रलची, पलीकडची टॅमरॅकची. हिचं घर अलीकडे, आणि बर्फ लोटणाऱ्या गाडीच्या सोयीसाठी टपालपेटी पलीकडे. काउंटीच्या कचेरीतली बाई फोनवर हसली होती, "पत्ता पेटीचा धरायचा की घराचा, यावर इथे लोकांची भांडणं झालीत. तुम्हाला हवं तिथे घाला. ऑगस्ट संपायच्या आत कळवा म्हणजे झालं." इतकी मोकळीक कुणी उगाच देत नाही, असं कॉरिनला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीत अर्व्हिड रांटा बसला. सत्तरीचा, टॅमरॅकच्या शाळेची बस चालवणारा, दात स्वतःचे, त्याचा अभिमान. तो दोऱ्याबद्दल खोटं बोलून झाल्यावर तिनं त्याच्या तोंडात आरसा घातला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, टॅमरॅकची शाळा कशी आहे हो. तोंड उघडं असताना विचारायचं, ही तिची जुनी खोड. माणूस शब्द जुळवू शकत नाही, डोळे आधी बोलतात. अर्व्हिडचे डोळे चमकले. त्यानं हात वर करून नळी बाजूला केली, चूळ भरली.

"मुलगी कितवीत जाणार तुझी?"

"चौथीत."

"चौथीत!" लॉटरी लागल्यासारखा तो बोलला. "अगं पोरी, मग तुला काही ठाऊकच नाही वाटतं. काउंटीच्या शाळांच्या बोर्डानं काय ठरवलंय? एका तरी वर्गात दहा पोरं हवीत, म्हणजे आकडा छापून येतो, म्हणजे सेंट्रलशी ताडून बघता येतं. लागोपाठ तिसऱ्या वर्षी नुसती चांदणी आली की शाळेला टाळं. हे तिसरं वर्ष. आणि आमच्या चौथीत किती आहेत, सांग बघू?"

"नऊ," कॉरिन म्हणाली.

"नऊ! आणि हुशार कार्टी आहेत हो, सगळी पास होतील. नुसतं दहावं डोकं पाहिजे. सारेलाबाईंना सांगतो मी, त्या नाचतील." मग तोंड उघडण्याआधी त्यानं डोळा मिचकावला. "बघ हं, आता तुला पाव येतील घरी."

पाव खरंच आला. वेलदोड्याचा, वेणी घातलेला, वरून साखर भुरभुरवलेला, अर्व्हिडच्या बायकोनं दवाखान्यात आणून दिलेला. मग लेम्पी सारेला यांचा फोन आला. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, चौथीच्या बाई, आणि ग्रंथालयही त्याच बघत. आवाज खरखरीत, घाई नसलेला. कधीही या म्हणाल्या, मुलीला घेऊन या, शाळा रंगवतोय तेव्हा जुने कपडे घाला. दोन दिवसांनी पुन्हा फोन: विलाला काय आवडतं, चित्रं, प्राणी, तळं? कॉरिननं फोन ठेवला आणि पावाचा तुकडा तोंडात घातला. पाव फार चांगला होता. फार चांगला होता म्हणूनच तिला तो गिळवेना. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. यांना विला नको आहे, यांना दहा हा आकडा हवा आहे. आणि नुसता दहा नव्हे, वाचणारा दहा. नऊ पास आणि एक नापास म्हणजे शंभराचे नव्वद होतील, तेही चालेल कदाचित. पण सगळ्या गावाला तेव्हा कळेल की ते उरलेले दहा कोण. त्या चांदणीनं नऊ मुलांना झाकलं होतं. विला आत गेली की चांदणी फुटणार आणि उजेड नेमका विलावर पडणार. मग तिला वाटलं, नाहीतरी यांना हे समजेल तेव्हा वसंत येईल, परीक्षेच्या दिवशी कुणीतरी हळूच सांगेल, विलाला आज बरं नसेल तर घरीच राहू द्या. आणि मग वाटलं, आपण हे कुणाबद्दल असं म्हणतोय? न भेटलेल्या बाईबद्दल. पण विचार एकदा चालू झाला की तिचं डोकं आकडीसारखं कुठे खड्डा आहे का ते चाचपत पुढे पुढे जाई, आणि चाचपलं की खड्डा सापडतोच.

शाळेच्या पानावर भिंतीचा एक फोटो होता. नव्या येणाऱ्या प्रत्येक मुलाचा एक फोटो त्या भिंतीवर, आणि प्रत्येकाच्या हातात तेच पुस्तक, बीव्हर धरण बांधतो त्या गोष्टीचं. अर्व्हिडला विचारलं तर तो म्हणाला, हो, ती रीतच आहे, नवं पोर आलं की बाईंच्या शेजारी बसून त्यातलं पहिलं पान वाचतं, मग फोटो. त्यानं स्वतःही साठ वर्षांपूर्वी वाचलं होतं. कॉरिननं गावच्या ग्रंथालयातून ते पुस्तक काढलं. तीन संध्याकाळी तिनं विलाकडून पहिलं पान पाठ करून घेतलं. थंडी येण्याआधी नदी बारीक आवाजात बोलते. बीव्हर ऐकतो. तो सगळं ऐकतो. विलाला पाठ करायला दहा मिनिटंही लागली नाहीत, उरलेला वेळ कॉरिननं तिला अडखळायला शिकवलं. कुठे थांबायचं, कुठे बोट फिरवायचं, कुठे एखादा शब्द दोनदा म्हणायचा. एके ठिकाणी विला 'काटक्या' ऐवजी 'कातड्या' म्हणायची, आणि कॉरिननं ते मुद्दाम तसंच राहू दिलं. थोडी चूक असली की खरं वाटतं.

शाळा विटांची, बुटकी, तळ्याकडे पाठ करून बसलेली. आत रंगाचा वास. सारेलाबाई शिडीवरून उतरल्या, साठीच्या, उंच, केसांत पांढऱ्या रंगाचा शिंतोडा, आणि कॉरिननं सवयीनं त्यांचे दात पाहिले. समोरचा एक तुटका, तसाच ठेवलेला. त्यांनी कॉरिनशी हात मिळवला आणि विलाशीही मिळवला, तितकाच वेळ. मग विला आणि त्या खिडकीखालच्या बाकावर बसल्या, आणि बाईंनी फडताळातून पुस्तक काढलं. पाठीवर चिकटपट्ट्या, कोपरे चुरलेले. विलानं ते उघडलं, बोट ठेवलं, आणि म्हणायला लागली. थंडी येण्याआधी नदी बारीक आवाजात बोलते. जिथे थांबायचं तिथे ती थांबली, जिथे अडखळायचं तिथे अडखळली. कॉरिन दाराशी उभी होती, तिचा जीव भांड्यात पडत होता. बाई पुस्तकाकडे बघत नव्हत्या. त्या विलाच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि जुनं गाणं दुसऱ्या खोलीतून ऐकू आल्यावर व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. बीव्हर ऐकतो. तो सगळं ऐकतो. कातड्या गोळा करतो. विला संपली.

"छान," बाई म्हणाल्या. "फार छान. आता झोपाळ्यावर जा बघू, मागे आहे. तेल घातलंय कालच."

विला धावली. बाईंनी पुस्तक मिटलं नाही. ते तसंच उघडं कॉरिनपुढे धरलं. कॉरिननं पाहिलं. पान तिसरं होतं. बीव्हर पोहत होता, मागे झाड पडत होतं, आणि पहिलं पान मुळापासून फाटून गेलेलं, शिवणीत एक कागदी दात तेवढा उरलेला.

"बावीस वर्षं झाली ते पान जाऊन," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून मुलं इथून वाचतात. अर्व्हिडच्या वेळी होतं. मी विसरलेच होते त्यात काय होतं."

मास्क नव्हता तोंडावर, त्याची कॉरिनला पहिल्यांदाच लाज वाटली.

"कॉरिन, बसा ना. रागवायला नाही बोलावलं. इतकं पाठ करणारं मूल साधं नसतं. पण चौथीत नको. मी तिला तिसरीत घेते. तिसरीत सहाच आहेत. रोज सकाळी बस यायच्या आधी मी आणि ती, दोघीच, पाऊण तास. माझ्या भावालाही असंच होतं. अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे जागा सोडायची. मला ठाऊक आहे कसं करायचं ते."

क्षणभर कॉरिन बसणारच होती. रंगाच्या वासाखाली मात्र तिला दुसरा वास आला, भिंतीलगतच्या रेडिएटरवर कुणीतरी ऑगस्टमध्येसुद्धा विसरलेली लोकरी टोपी होती. तिसरीत. म्हणजे खाली. म्हणजे चिमण्यांच्या टेबलावर, आणि शिवाय एक वर्ष मागे. आणि मग डोक्यातली आकडी चालू झाली. दहावं डोकं हवं होतं ना यांना? मग सोडतात कसं? कारण आता कळलं की डोकं नासकं आहे. नासक्या दहाव्यापेक्षा चांदणी बरी. चांदणी दाखवून बोर्डापुढे रडता तरी येईल, आमची मुलं हुशार आहेत हो, पण तुम्ही छापत नाही. छापला तो आकडा मात्र पुसता येत नाही.

"म्हणजे तुमच्या आकड्यात ती नको," कॉरिन म्हणाली.

"आकडा आता येत नाही," सारेलाबाई म्हणाल्या. "नऊच राहतील."

"तेच म्हणतेय मी."

"नाही," बाई म्हणाल्या, "तुम्ही ते म्हणत नाही आहात." मग त्यांनी हात पुसून फॉर्म आणून दिला. त्यात वरच एक ओळ होती: वाचनाबद्दल आम्हाला काय माहीत असावं? कॉरिननं तो गाडीत बाजूच्या सीटवर ठेवला, आणि हद्दीचा रस्ता येईपर्यंत विला मागून झोपाळ्याबद्दल बोलत होती. तेल घातलेला झोपाळा मुळीच कुरकुरत नाही म्हणे, आणि बाईंचा तुटका दात तिनं पाहिला, त्यातून शीळ वाजते. "आई, मी छान वाचलं ना?" हो, कॉरिन म्हणाली. टपालपेटीशी गाडी थांबवून तिनं फॉर्मची चार पदरी घडी केली. संध्याकाळी सेंट्रलचा फॉर्म कॉम्प्युटरवरच भरून टाकला. चौथी. वाचनाबद्दलची ओळ त्यात नव्हतीच, आणि हे तिला मोठ्या मनाचं वाटलं.

सेंट्रलमध्ये सत्तावीस मुलांचा वर्ग होता, बाई तरुण, हसऱ्या, दमलेल्या. इथे पाखरं नव्हती, झाडं होती. ओक, मेपल, बर्च. ऑक्टोबरच्या पालकसभेत कॉरिननं बर्चचं टेबल शोधलं. ते रेडिएटरजवळ नव्हतं. ते दाराजवळ होतं, जाण्यायेण्याच्या वाटेत, आणि त्यावर विलाचं नाव मोठ्या, गोल, प्रेमळ अक्षरात लिहून चिकटवलेलं होतं. बाई म्हणाल्या, विला फार समजूतदार आहे, कधी त्रास देत नाही. वाचनाची वही भरता ना? भरते, कॉरिन म्हणाली. रविवार सकाळ पुन्हा सुरू झाली होती. निळं पेन, काळं पेन. विला आता घरी आल्यावर चित्रांचे पत्तेसुद्धा काढत नसे. बसमधून उतरली की सरळ बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहायची. कॉरिन दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकायची, आणि तिला वाटायचं, बासष्ट वगळून उरलेले अडतीस कुठे बसतात हे आपण विचारलंच नव्हतं.

जानेवारीत बोर्डाची सभा झाली. ती गेली, का गेली ते तिला सांगता आलं नसतं. शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्या, बुटांखाली वितळलेलं बर्फ. पडद्यावर तेच पान, डावीकडे बासष्ट, उजवीकडे तिसरी चांदणी, परीक्षा वसंतात असली तरी नऊ डोक्यांवरून आताच ठरलेली. सारेलाबाई उठल्या, म्हणाल्या, आमची नऊ मुलं चांगली आहेत, मला दुसरं काही सांगायचं नाही, आणि बसल्या. शाळा बंद करायला बोर्डाचे सात हात वर झाले. बाहेर पार्किंगमध्ये अर्व्हिड गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता. तिला पाहून तो थांबला. या वेळी 'पोरी' म्हणाला नाही.

"मी तिला म्हटलं होतं, लेम्पी, वेड लागलंय का तुला, दहावी पोरगी दारात चालून आलीय आणि तू तिसरीत घालतेस? मग काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, पोरं काय आकडा भरायला जन्माला घालतात का लोक." त्यानं काच पुन्हा खरवडली. "आणि तरी तू आली नाहीस. तिसरीतसुद्धा आली नाहीस. अठ्ठावीस वर्षं झाली तिला त्या शाळेत."

कॉरिन गाडीत बसली आणि किल्ली फिरवली नाही. म्हणजे बाईंनी शाळाच पणाला लावली होती, विलाच्या पाऊण तासासाठी. आणि तो पाऊण तासही कॉरिननं घेतला नव्हता. हे खरं असेल तर तिनं काय केलं होतं? आणि खरं नसेल तर? म्हातारा तिला टोचायला सांगत असेल. बाई नंतर तसं म्हणाल्या असतील, हरल्यावर माणूस मोठ्या गोष्टी बोलतो. तिनं प्रत्येक शंका हिरडीला टेकवून पाहिली. रक्त तिचंच येत होतं. काच आतून वाफेनं भरली तरी ती तशीच बसून राहिली.

जूनमध्ये, टॅमरॅकच्या शाळेला कुलूप लागलं त्या आठवड्यात, कॉरिनच्या यादीत साडेनऊला नाव होतं: सारेला, लेम्पी. कॉरिननं मास्क नाकावर घट्ट दाबला. बाई आल्या, पर्स मांडीवर ठेवून पाठीवर झोपल्या, दिवा डोळ्यांवर आला तरी ते मिटेनात.

"दातांत दोरा रोज फिरवता?" कॉरिननं विचारलं, विचारावंच लागतं म्हणून.

"नाही," बाई म्हणाल्या. "कधीच नाही."

अकरा वर्षांत हे उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं. ती कामाला लागली. बाईंचं तोंड उघडं होतं, आता काहीही विचारता आलं असतं, आणि डोळ्यांत उत्तर वाचता आलं असतं. तुम्ही खरंच तसं म्हणालात का? माझ्यावर राग आहे का? कॉरिननं डोळ्यांकडेसुद्धा पाहिलं नाही. तुटक्या दाताच्या कडेवरून ती आकडी हळूहळू फिरवत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ. शेवटी बाईंनी हात वर केला, उठून बसल्या, चूळ भरली.

"विला वाचते का?"

कॉरिनच्या हातात नळी होती, पाणी थेंबथेंब गळत होतं. खरं एक वाक्य होतं, तोंडाशी होतं, आणि ते सांगितलं असतं तर समोरची बाई अजूनही, शाळा नसतानाही, काहीतरी म्हणाली असती हे तिला कळत होतं.

"वाचते ना," ती म्हणाली. "रोज वीस मिनिटं."

"छान," सारेलाबाई म्हणाल्या. अगदी तसंच म्हणाल्या. "फार छान."

जाताना त्यांनी बाहेरच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. म्हणाल्या, शाळेतलं सगळं वाटून टाकतेय, हे विलाला. कॉरिननं ते दुपारपर्यंत उघडलं नाही. आत बीव्हरचं पुस्तक होतं. शिवणीतल्या त्या कागदी दाताला नवं पान चिकटवलेलं, काळ्या शाईत, सुटी सुटी अक्षरं, मुलांच्या वहीत लिहितात तशी. थंडी येण्याआधी नदी बारीक आवाजात बोलते. सगळं होतं. आणि खाली, सहाव्या ओळीत, काटक्यांच्या जागी कातड्या. म्हणजे छापील पुस्तक बघून उतरवलेलं नव्हतं. विलाच्या तोंडून एकदा ऐकलेलं त्या दिवशीच लिहून ठेवलं असणार. माया म्हणून की टोमणा म्हणून? कॉरिन पान उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली, जणू कुठेतरी हिरडी सापडेल.

संध्याकाळी तिनं पुस्तक स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. विलानं ओळखलं. हात न धुताच ती बसली, शाईतल्या पानावर बोट ठेवलं आणि भरभर म्हणाली, न अडखळता, कारण अडखळायचं ती आता विसरली होती. बीव्हर ऐकतो. तो सगळं ऐकतो. पान संपलं. तिनं उलटलं. पुढे छापील अक्षरं होती. विलाचं बोट पहिल्या अक्षरावर गेलं आणि तिथेच राहिलं. ती चित्राकडे बघत नव्हती. आईच्या चेहऱ्याकडे बघत होती, नेहमीसारखी, तिथे काही लिहिलंय का ते शोधत.

"पुढे?" कॉरिन म्हणाली.

"पुढचं तू माझ्याकडून पाठ करून घेतलं नाहीस," विला म्हणाली.

कॉरिननं घड्याळाकडे पाहिलं. वाचायला बसून तीन मिनिटं झाली होती. तिनं खुर्ची ओढली आणि विलाच्या शेजारी बसली.